डावऱ्या आरिसमेंडी

परवा मेंगोच्या किराणा दुकानात मोबाइलवरचा बेसबॉलचा सामना टीव्हीला जोडून सगळी वस्ती बघत बसली होती, तेव्हा पडद्यावर आरिसमेंडीने कपाळावरचा घाम उजव्या हाताने पुसला. त्या हातात चामड्याचा जाडजूड ग्लोव्ह होता, तरी मनगट वाकडं करून त्यानेच पुसला. चेंडू फेकायचा डावा हात मोकळा असून नुसता लोंबत होता. दुकानात कोणाचं लक्ष नव्हतं. पोराने ओळीने तीन फलंदाज बाद केले होते आणि डॉमिनोच्या सोंगट्या मांडलेल्या टेबलावर थापा पडत होत्या. त्याच्या आईने, नेरेइदाने, मात्र ते पाहिलं आणि तेव्हापासून तिला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कहून तिच्या बहिणीचा, दुल्सेचा फोन आला.

"तुझ्या लेकाला पुन्हा बेरॉनच्या बाटल्या पाठवल्यात बरं का. भराभर संपवतोय. पितोबितो की काय मेला?"

बेरॉन म्हणजे अंगदुखीवर चोळायचा उग्र वासाचा अर्क. बानी या त्यांच्या बेटावरच्या गावात प्रत्येक घरात एक बाटली असतेच. पण पोराने तो मावशीकडे मागितला होता, आईकडे नाही. नेरेइदाला आणखी काही सांगायला नको होतं. हात दुखत होता आणि तो लपवत होता.

का, तेही तिला ठाऊक होतं. महिनाअखेर त्याच्या संघातला एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, वरच्या पायरीवर जाणार होता, आणि तिथून मोठी लीग अगदी दिसण्याइतकी जवळ. दुखतंय म्हणून सांगितलं तर नाव मागे पडणार. फार गाजावाजा न करता घेतलेल्या पोरासाठी संघ थांबत नाही, सरळ घरचं तिकीट हातात ठेवतो. आणि नाही सांगितलं तर हातच जायचा.

तो हात तसा एकट्या आरिसमेंडीचा नव्हताच. लहानपणी तो पाण्याच्या मोठ्या बाटल्यांची झाकणं फेकायचा आणि पोरं ती झाडूच्या दांड्याने टोलवायला बघायची. त्याचं झाकण ऐनवेळी असं काही वळायचं, की दाढीमिशा फुटलेली मुलंसुद्धा हवेत दांडा फिरवून स्वतःभोवती गरगरायची. मेंगो त्याच्यासाठी झाकणं राखून ठेवायचा. "ए डावऱ्या, घे तुझा दारूगोळा," म्हणून पिशवी पुढे सरकवायचा.

तिथेच चेंचोने त्याला हेरलं. चेंचो जुना कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, आता मैदानावर पोरांना शिकवतो. तो सरळ दारात येऊन उभा राहिला.

"मास्तरीणबाई, हा पोरगा मला द्या."

"आणि त्याची शाळा?"

"सकाळ तुमची, दुपार माझी. नापास झाला तर मी स्वतः कान धरून परत आणून देतो."

तो नापास झाला नाही, पण संघांनीही त्याला उचललं नाही. निवडीला आलेले लोक चेंडू बघून माना डोलवायचे आणि पोराकडे बघून माना हलवायचे. वाऱ्याने उडेल म्हणायचे. मग वस्तीने त्याला खाऊ घालायचं मनावर घेतलं. मेंगोकडून अंडी यायची, शेजारणी कच्च्या केळ्यांचा कुटलेला लगदा तळलेल्या चीजसकट आणून द्यायच्या, आणि तो ताटावरून उठायला लागला की कोणीतरी खांदा दाबून पुन्हा बसवायचं. शेवटच्या निवडीच्या दिवशी न्हाव्याने फुकट केस कापले. म्हणाला, "निदान डोकं तरी मोठ्या लीगचं दिसू दे." त्या दिवशी त्याला घेतलं. सही करताना पेन डाव्या हातात धरलेलं बघून चेंचो ढसाढसा रडला होता.

त्यानंतर बेटावरच्याच छावणीत उन्हाळे गेले, मग फ्लोरिडातलं मैदान, मग आणखी आत, मक्याच्या शेतांमधलं एक छोटं गाव. रात्रभर बसमध्ये पाय दुमडून झोपायचं आणि उतरल्या उतरल्या खेळायचं. त्या गावात मिसेस हार्लन नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला आपल्या घरात खोली दिली. ईस्टरच्या आधी तो घरच्या गोड राजम्यासाठी झुरतोय हे कळल्यावर त्यांनी कुठूनशी कृती शोधून तो शिजवला आणि खालून करपवला. पोराने पातेलं खरवडून खाल्लं. नेरेइदाने त्या बाईंना कधी पाहिलं नव्हतं, तरी दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्या गुडघेदुखीसाठी ती मेणबत्ती लावायची.

या सगळ्यात चुकीचं काय घडलं, हेच तिला उमगत नव्हतं. शेवटी आज शाळा सुटल्यावर ती मैदानावर गेली.

"चेंचो, आरिसमेंडीचा हात दुखतोय."

चेंचोने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"शपथ घातली होती त्याने. ओरडू नका, पोरं बघतायत."

"डॉक्टर नाही का तिथे?"

"आहे की. चांगला आहे. सामना संपला की बर्फाची पिशवी घेऊन मागे लागतो. हा म्हणतो, दुखतच नाही, बर्फ कशाला? तापलेल्या हाताला गार लावलं तर पास्मो होतो, हात आखडतो, आईने सांगितलंय. मग खोलीत जाऊन गुपचूप बेरॉन चोळतो."

नेरेइदाने तोंडावर हात ठेवला. शाळेत ती मुलांना रक्तवाहिन्या शिकवायची आणि घरी इस्त्री केल्यावर दोन तास फ्रीज उघडायची नाही. तिच्या आईने शिकवलेलं, सगळ्या बानीने मानलेलं.

"हसू की रडू, चेंचो?"

"हसा. पण मुद्दा बर्फाचा नाही, बाई. तो मला म्हणाला, एवढ्या माणसांनी माझ्यासाठी केलं, आता निकामी हात घेऊन कुठल्या तोंडाने येऊ? मी म्हटलं, गाढवा, आम्ही काय तुला गहाण ठेवून घेतलं होतं? पण माझं त्याला पटत नाही. मी पडलो मास्तर. त्याला वाटतं, समजूत घालतोय."

"तुम्हाला खरंच वाईट नाही वाटणार? नाही गेला वर तर?"

"वाटेल. दोन दिवस जेवणार नाही. पण एक सांगू? हा पोरगा फेकायला लागला आणि या वस्तीच्या संध्याकाळींना जीव आला. मेंगो आणि न्हावी सात वर्षं बोलत नव्हते, त्याच्या पहिल्या सामन्याला एका बाकावर बसले. आम्हाला मिळायचं ते केव्हाच मिळालं. हे त्याला कोणी सांगितलंच नाही. आपण आपले प्रत्येक फोनवर एकच विचारतो: जिंकलास का?"

तीही तेच विचारायची. फोन उचलला की सगळ्यात आधी.

मैदानावर एका पोराने चेंडू पार कुंपणाबाहेर टोलवला आणि चेंचो शिव्या देत तिकडे धावला. नेरेइदा बाकावर बसली. आज तिकडे सामना नव्हता. आरिसमेंडी मिसेस हार्लनच्या स्वयंपाकघरात असेल, खोटं हसायला तयार. त्याला हसूच द्यायचं नाही, तिने ठरवलं. जिंकलास का, हे विचारायचंच नाही. आधी सांगायचं की तू आम्हाला खूप दिलंस, बाळा, आता उद्या सकाळी डॉक्टरांना खरं सांग, आणि तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. रागावला तर रागावू दे. घरी परत यावं लागलं तर दार उघडंच आहे.

तिने पर्समधून फोन काढला आणि त्याचं नाव शोधलं.