नऊ नंबरची खिडकी

मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. सहदेव स्वतःच्या घराच्या खिडकीची शेवटची बिजागरी सोडवत होते. खालच्या स्क्रूला गंज धरला होता. त्यांनी त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले आणि स्क्रू भिजेपर्यंत थांबले. खिडकीखालच्या खाटेवर त्यांची बायको इंदूबाई पडून होत्या. दोन वर्षांपूर्वी लकवा मारल्यापासून त्यांचं उजवं अंग हलत नाही. गंज तोंडावर पडू नये म्हणून त्यांनी डाव्या हाताने चादर कपाळापर्यंत ओढून घेतली होती.

"तुमाला कोनी सांगितलं व्हतं मिरवत न्यायला?" त्या चादरीखालून म्हणाल्या.

सहदेवांनी पेचकस पुन्हा स्क्रूला लावला. हा प्रश्न त्या महिनाभर विचारत होत्या.

घरातल्या चार जुन्या खिडक्यांपैकी तीन आधीच गेल्या होत्या. ही चौथी.

सहदेव एकसष्ट वर्षांचे आहेत. भिवपुरी रोड स्टेशनपासून दोन किलोमीटरवर त्यांचं गाव. गेली चाळीस वर्षं ते वर माथेरानच्या बंगल्यांमध्ये सुतारकाम करतात. बारा वर्षांपूर्वी तिथल्या एका बंगल्याचं हॉटेल झालं. पाहुण्यांना एसी हवा होता. झिलमिलीच्या, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा असलेल्या चौदा खिडक्या काढून मालकांनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. परवानगी घेतली नव्हती. झडपा काढायचं काम सहदेवांचं होतं.

काढलेलं लाकूड सुताराचं, ही तिथली जुनी रीत. कोणी लिहून देत नाही, कोणी विचारत नाही. दहा खिडक्यांच्या झडपा कुजल्या होत्या, त्या बंबात गेल्या. चार खिडक्यांच्या धड होत्या. सहदेवांनी त्या हातगाडीवरून, जिथवर मोटारी येतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत आणि तिथून टेंपोने गावी आणल्या. पुढच्या वर्षी विटांचं घर बांधलं तेव्हा भिंतीतली चारही भगदाडं त्यांनी या झडपांच्या मापाने ठेवली. गावात इतर घरांना लोखंडी गज होते. सहदेवांच्या घराला सागवानी झिलमिल होती.

लकव्यानंतर इंदूबाईंची खाट रस्त्याकडच्या खिडकीखाली आली. खोली दहा बाय दहाची. दार, चूल आणि कपाट सोडलं तर खाट दुसरीकडे मावत नाही. झिलमिलीच्या सगळ्या पट्ट्या मधल्या उभ्या काठीला जोडलेल्या असतात. काठी खाली ओढली की पट्ट्या एकदम मिटतात, सोडली की उघडतात. सहदेवांनी त्या काठीला एक पितळी कडी ठोकली, कडीत सुती दोरी ओवली आणि दोरीचं टोक खाटेच्या माच्याला बांधलं. इंदूबाई डाव्या हाताने ऊन घेत, ऊन बंद करत. रस्त्याने कोण गेलं हे त्यांना दिसे. रस्त्यावरच्यांना त्या दिसत नसत.

"बस चुकली का गं अपेक्षा?" असं त्या आतून विचारत, आणि शेजारच्या विमलबाईंची सून दचकून थांबत असे. विमलबाई म्हणत, "पडून हाय, पन गावाची हजेरी हिच्याकडंच."

गेल्या पावसाळ्यानंतर हॉटेलच्या मालकांना वारसा समितीची नोटीस आली. बंगला जपायच्या इमारतींच्या यादीत होता; खिडक्या मूळ स्वरूपात बसवा, आधी एक नमुना मंजूर करून घ्या, एकतीस मेच्या आत काम संपवा. देखरेखीसाठी कर्जतच्या वास्तुविशारद सुचेता यांची नेमणूक झाली. झिलमिल करणारा सुतार म्हणून लोकांनी त्यांना सहदेवांचं नाव सांगितलं. सहदेव गेली सहा-सात वर्षं मच्छरदाणीच्या चौकटी आणि प्लायवूडची कपाटं करत होते. चौदा खिडक्यांचं काम म्हणजे त्यांच्या हाताला पुन्हा त्यांचं काम.

सुचेतांनी एका जुन्या फोटोवरून नकाशा काढला होता. सहदेवांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"मॅडम, कागदावरून पट्टी तासता येत नाय. जाडी किती, तिरकी किती, खिळा कुठं, फोटोत काय दिसतंय? मी नमुना आनतो."

"कुठून आणणार?"

"हाय माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकाकडच्या खिडकीची एक झडप काढली आणि वर नेली. दस्तुरीला हातगाडी ओढणारा कमळ्या हसला. "दादा, लोकं डोंगरावरचं सागवान खाली नेत्यात. तुमी खालचं वर आनता व्हय!"

सहदेवही हसले. त्या दिवशी त्यांची कॉलर ताठ होती, असं कमळ्या सांगतो.

सुचेतांनी झडप उलटी केली. खालच्या कडेला पटाशीने मारलेल्या चार बारीक खाचा होत्या. "हे काय, उंदराने कुरतडलंय?"

"नाय ओ. नंबर हाय. चार नंबर."

मग सहदेवांनी सगळं समजावून सांगितलं. दगडी भिंतीतली एकही चौकट काटकोनात नसते. म्हणून प्रत्येक झडप तिच्याच चौकटीवर रंधून बसवायची, दुसरीकडे ती लागत नाही. तेलपाण्यासाठी उतरवली तर परत त्याच जागी जावी म्हणून झडपेवर आणि चौकटीवर सारख्याच खाचा मारायच्या. ॲल्युमिनियम बसवताना जुन्या चौकटी तशाच ठेवल्या होत्या, वरून रंग फासला होता. सहदेव मागच्या व्हरांड्यात गेले, खिशातलं नाणं काढलं आणि एका चौकटीचा रंग खरवडला. चार खाचा निघाल्या.

"बगा," ते म्हणाले.

सुचेतांनी फोटो काढला. "बाकीच्या कुठे आहेत?"

"तीन अजून हायत. घरी."

दुसऱ्या आठवड्यात समितीचं पत्र आलं. उपलब्ध मूळ झडपा आधी त्यांच्या जागी बसवाव्यात. उरलेल्या दहा खिडक्या नव्या करण्याची परवानगी त्यानंतर मिळेल. सहदेव सुचेतांना भेटले. चारही नव्या करून देतो, लाकूडही मी आणतो, फरक ओळखून दाखवा, असं म्हणाले.

"ओळखता येणार नाही, हे मला माहीत आहे," सुचेता म्हणाल्या. "पण मूळ असताना नक्कल मंजूर होत नाही. खाचा तुम्हीच दाखवल्यात ना."

त्या एकदा घरी येऊन गेल्या. खिडक्यांची मापं घेतली, खाचा मोजल्या. रस्त्याकडची नऊ नंबरची निघाली. खाटेवरच्या इंदूबाईंनी त्यांच्यासमोर दोरी ओढून पट्ट्या मिटल्या, परत उघडल्या. सुचेतांनी काठीपाशी वाकून पाहिलं. मग वहीत त्यांनी नोंद केली: मधल्या काठीला नंतर लावलेली कडी, काढावी.

सहदेव नाही म्हणू शकले असते. लाकूड त्यांचं होतं. पण मग दहा खिडक्या त्यांच्या हातून गेल्या असत्या. मोहोपाड्याला कंपनीत असलेला मुलगा संतोष फोनवर म्हणाला, "आबा, देऊन टाका. आईला मी पडदा पाठवतो." पडदा आला, तो झिलमिलीवर लावून पाहिला. त्याने वारा अडला आणि रस्ता दिसेना. इंदूबाईंनी तो त्याच संध्याकाळी काढायला लावला.

"मी तुला नवी करून देतो," सहदेव म्हणाले.

"कवा?"

"या दहा झाल्या की."

"म्हंजे पावसात. पावसात लाकूड सुकतं व्हय? सुताराची बायको हाय मी."

"दिवाळीला देतो."

दिवाळीपर्यंत त्या असतील का, याबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही.

मंगळवारी पावणेआठला बिजागरी सुटली. सहदेवांनी खिडकीच्या दोन्ही झडपा जुन्या चादरीत गुंडाळून टेंपोत ठेवल्या. साडेदहाला त्या बंगल्यावर होत्या. नऊ नंबरची चौकट दर्शनी बाजूला, जेवणघरात आहे. खाचेला खाच लावून त्यांनी झडपा टेकवल्या. रंधा हातात तयार होता; तो लागला नाही. बारा वर्षांनी दोन्ही पानं एका बोटाने मिटली. मालकांनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ घेतला. सहदेवांनी मधल्या काठीची कडी पक्कडीने उपटली, भोकात भुसा आणि सरस भरला, वरून पॉलिश लावलं. कडी शर्टाच्या खिशात टाकली. सुचेतांनी सही केली.

रीत मात्र मोडली नाही. काढलेल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या सुताराच्या. एक सहदेवांनी संध्याकाळी घरी आणून खाटेवरच्या भगदाडात बसवली. भगदाड त्याच मापाचं असल्याने ती एक सूतही कमीजास्त झाली नाही. तिच्या काचेवर हॉटेलवाल्यांनी काळी फिल्म लावलेली आहे. तावदान एका वेळी अर्धंच उघडतं. त्याचा खटका चादरीपासून साडेतीन फूट वर आहे. सहदेवांनी खटक्याला दोरी बांधून पाहिली. खालून ओढली की तावदान तिरकं होऊन अडकतं. तीनदा अडकल्यावर त्यांनी दोरी सोडली.

"ऱ्हाऊ द्या," इंदूबाई म्हणाल्या. "उघडीच ठेवून जा."

"दुपारी ऊन येईल."

"मग बंद ठेवून जा."

"अंधार हुईल गं."

"मग इचारता कशाला?"

त्या खिडकीतून खाटेवर ऊन येतं ते सव्वादोनला, आणि पावणेपाचपर्यंत राहतं. विमलबाई साडेबाराला येऊन भरवतात आणि एकला जातात. दोनची पाळी असलेल्या कारखान्यात त्या पॅकिंगला आहेत. उद्या बुधवार. पहिल्या नव्या खिडकीची चौकट मोजायला सहदेवांना सकाळी सहा चाळीसला निघायचं आहे. निघताना ते डाव्या बाजूचं तावदान सरकवून उघडं ठेवतील, आणि संध्याकाळी साडेसातला परत येईपर्यंत तावदान तिथेच असेल.