गाठवालीने निवडलेली खुर्ची

जिच्याविषयी मी लिहीत आहे, ती नात्याने माझी सून. कापडाच्या कारखान्यात तिला सर्वजण गाठवाली म्हणतात. कारण मागावर तुटलेला धागा ती पापणी लवते न लवते तोच गाठ मारून जोडते. वीस वर्षे मागांच्या खडखडाटात उभी राहिल्यामुळे तिचा उजवा कान पूर्ण गेला आहे आणि डावा थोडाच उरला आहे.

माझा मुलगा आणि ती यांच्यात मारहाण नव्हती, व्यसन नव्हते. बोलणे मात्र आटत गेले आणि शेवटी दोघांनीही घटस्फोट घेण्याचे ठरवले. अकरा वर्षांची नात कोणाकडे राहणार, एवढेच अडले होते. न्यायालयाने सुचवले की, आधी मध्यस्थासमोर बसून पाहावे. जमले नाही, तर खटला चालेलच. होय की नाही, हे आठ दिवसांत कळवायचे होते.

मुलगा तत्काळ तयार झाला. सून तयार होईना. पोरीला न्यायाधीशांपुढे उभे करून ‘आई हवी की बाबा’ असे कोणी विचारू नये, ही तिचीही इच्छा होती. परंतु खटल्यात तिच्या वतीने वकील बोलणार होता. मध्यस्थासमोर तिला स्वतः बोलावे लागणार होते. दवाखान्यात, शाळेत, बँकेत आजवर माझा मुलगाच तिच्या डाव्या बाजूला बसून लोकांचे बोलणे तिला पुन्हा सांगत असे.

भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, “आई, तिथंही हेच मला ऐकून सांगणार आणि मी मान डोलावणार. मग ते माझं म्हणणं कसं होईल?”

मी म्हटले की, माझा मुलगा खोटे सांगणार नाही.

“खोटं नाही हो. निवडून सांगतात.” मग हसून म्हणाली, “ह्यांना एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडता येतं. मला ती सोय नाही.”

मला तेव्हा ते पटले नाही. पोटचा पोर शेवटी पोटचा.

मुदतीच्या आदल्या दिवशी मध्यस्थ बाईंनी ओळखीच्या भेटीस बोलावले. सुनेच्या आग्रहावरून मीही गेले. खोलीत एक गोल टेबल आणि चार खुर्च्या होत्या. सवयीप्रमाणे मुलगा तिच्या डाव्या हाताला बसला. बाईंनी शांतपणे समजावले की, येथे कोणावर निर्णय लादला जात नाही, हवे तर वेगवेगळे बसून बोलता येते आणि न पटल्यास केव्हाही उठून जाता येते.

मुलगा तिच्या कानाशी वाकला. “निर्णय आपलाच असतो. वेगवेगळं बसता येतं म्हणतात.”

उठून जाण्याचे त्याने गाळले. मुद्दाम नसेल. मी सांगण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. हे लिहिताना मला संकोच वाटतो.

तेव्हा सून म्हणाली, “आणि मध्येच उठूनही जाता येतं. बाई तेही म्हणाल्या.”

मुलगा चमकला. मागावरच्या बायका एकमेकींचे ओठ पाहून बोलतात, हे त्याला ठाऊक होते. घराबाहेर ती सर्वांचेच ओठ वाचते, हे त्याच्या कधी ध्यानात आले नव्हते.

“मग इतकी वर्षं मला सांगू का दिलंस?” त्याने विचारले.

“तुम्ही कानाशी येऊन सांगायचात, ते बरं वाटायचं,” ती म्हणाली. “सुरुवातीला.”

मग तिने त्याला समोरच्या खुर्चीवर बसण्यास सांगितले आणि डाव्या बाजूची खुर्ची बाईंना दिली.

“माझ्याकडं बघून, एका वेळी एकानंच बोलायचं. एवढं कागदावर घ्या, म्हणजे मी येते.”

बाईंनी अट लिहून घेतली. दोघांनी सह्या केल्या. पहिली बैठक येत्या बुधवारी आहे.

परतताना जिन्यात मी तिला हाक मारली. ती पाठमोरी होती, तिला ऐकू गेले नाही. मी कठडा धरून दोन पायऱ्या जास्त उतरले, तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटले, “त्यानं गाळलं, ते माझ्या लक्षात आलं होतं. मी बोलायला हवं होतं.”

“पाहिलं मी, आई,” ती म्हणाली. “तोंड उघडलं होतं तुम्ही.”

आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन ती पुढे उतरू लागली.