साहेबांच्या खोलीतली दुसरी खुर्ची

मे महिना, नागपूर, सिव्हिल लाइन्समधलं आमचं सरकारी ऑफिस. गोष्ट सत्तरच्या दशकातली. नावं बदलली आहेत... साहेबांचं तर नावच घेत नाही, तेव्हाही कधी घेतलं नव्हतं.

मी तिथे स्टेनो होते. टेंपररी. जुलैत पर्मनंटची ऑर्डर निघायची होती आणि त्यावर सही व्हायची होती साहेबांची. आमचे हे उमरेडला शाळेत शिक्षक, पण त्यांचीही नोकरी अशीच लोंबकळत होती. तेव्हा घर सगळं माझ्या नोकरीवर.

साहेबांच्या खोलीत खुर्ची एकच, त्यांची स्वतःची. बाहेरचा कोणी बडा माणूस आला की शिपाई एक खुर्ची आणून ठेवायचा, तो गेला की उचलून न्यायचा. स्टाफने उभंच राहायचं. कोणी ठरवलं होतं कोण जाणे, पण आमच्यापैकी कुणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

साहेब फेऱ्या मारत डिक्टेशन द्यायचे, तास-तासभर. मी डाव्या तळहातावर वही धरून उभ्या उभ्या शॉर्टहँड घ्यायची. एरवी चाललंही असतं हो... पण मला पाचवा महिना होता आणि ऑफिसात मी कोणाला सांगितलं नव्हतं. टेंपररी बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार म्हटल्यावर तिची ऑर्डर कोण काढतंय, ही भीती.

एक दिवस डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून टेबलाची कड धरली. साहेब थांबले आणि म्हणाले, "टेबलाला हात लावायचा नाही." बस, एवढंच. पण ते असं लागलं की घरी पोचेपर्यंत डोक्यातून गेलं नाही. पाय तर इतके सुजले होते की चपलेत मावेनात.

सासूबाईंनी कोमट पाण्यात मीठ घालून मला पाय बुडवून बसवलं. मला वाटलं, आता म्हणणार नोकरी सोड. तर त्या म्हणाल्या, "त्यानं खुर्ची नाही देली तं आपली उचलून ने न वं. उभी काहून राहून राहिली तू?"

मी हसले. मग रात्रभर तेच डोक्यात...

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. मी वही घेतली, पेन्सिल घेतली आणि माझी वेताची खुर्ची उचलली. हॉलमधले टाइपरायटर एकेक करून थांबले.

आत जाऊन खुर्ची ठेवली आणि बसले. "हे काय?" साहेबांनी विचारलं. मी वही उघडली. म्हटलं, "साहेब, मला पाचवा महिना आहे, उभं राहवत नाही. डिक्टेशन झालं की खुर्ची परत नेते."

साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग जे डिक्टेशन सुरू केलं ते मेलगाडीच्या वेगाने. राग असा काढला. मी सगळं घेतलं... बसायला मिळालं होतं, आणखी काय हवं होतं?

पुढे रोज हेच. बेल वाजली की खुर्ची आत, काम झालं की बाहेर. 'राहू द्या इथेच' असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही आणि मीही कधी विसरल्यासारखं करून ती तिथे सोडली नाही. दोघंही हट्टी, दुसरं काय!

घाबरले ते आमचे हेडक्लार्क, देशकरबाबू. वडिलांच्या वयाचे, रिटायरमेंटला आलेले, गुडघे कामातून गेलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, जुलैत तुमची ऑर्डर हाये. काहून साहेबाले चिडवून राहिल्या जी?" त्यांचं काही चुकत नव्हतं. मलाही तीच धास्ती होती.

मग जूनमध्ये एकदा साहेबांनी आम्हां दोघांना एकदमच बोलावलं. मी सवयीने खुर्ची आत नेली, ठेवली, बसणार... तर शेजारी देशकरबाबू एका पायावर भार देऊन उभे. माझ्याने बसवेना.

म्हटलं, "देशकरबाबू, तुम्ही बसा." ते पुटपुटले, "नाही बाई, तुम्ही बसा. तुमचे दिवस असे..." मी बसेना, ते बसेनात. मधे खुर्ची रिकामी आणि दोन बाजूंना आम्ही दोघं अवघडून उभे.

साहेबांनी दोन वाक्यं सांगितली आणि तिसऱ्याला अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा नजर त्या रिकाम्या खुर्चीवर. त्यांना अडखळताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी बेल दाबली. शिपाई आला. "आणखी एक खुर्ची आणा," साहेब म्हणाले... आमच्याकडे न बघता, कागद चाळत.

खुर्ची आली, देशकरबाबू साहेबांसमोर बसले, मीही बसले. त्या दोन्ही खुर्च्या मग खोलीतच राहिल्या. साहेब काही बदलले नाहीत. फायली आपटायचे, ओरडायचे, सगळं तसंच. पण जुलैत माझ्या ऑर्डरवर त्यांनी सही केली, आणि सप्टेंबरात लेक झाली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आठवतं ते त्या जूनच्या दिवशीचं. साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर देशकरबाबू आपल्या टेबलाशी एकही फाईल न उघडता बसून होते. तब्येत बिघडली की काय, म्हणून मी जवळ गेले.

तर हळूच म्हणाले, "बाई, साहेबाच्या भुवईवर चामखीळ हाये जी. इतके वर्ष खाली मान घालून उभा राहिलो त्याइच्यापुढं... मले कधी दिसलीच नाही."

ते हसले, मीही हसले. जागेवर येऊन बसले आणि मला रडू आलं. मी खुर्ची नेली होती ती माझ्या सुजलेल्या पायांसाठी... तिच्यामुळे देशकरबाबूंची मान एकदा तरी वर झाली, याचा आनंद मला पर्मनंटच्या ऑर्डरपेक्षा मोठा वाटतो. आजही.