दोघंही चांगले

इथे आखातात, हमद टाउनहून शुक्रवारी नेमबाजीच्या क्लबात जाते, तेव्हा आजही माझी नजर आधी दुरुस्तीच्या टेबलाकडे वळते. तिथे बसणारे चाचा रत्नागिरीकडचे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. रायफल हातात घेतली की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि डोळे मिटायचे. मग रिकाम्या रायफलचा बोल्ट कॅरियर, म्हणजे बोल्टला पुढेमागे नेणारा तुकडा, सावकाश सरकवत कान लावून बसायचे.

एकदा स्पर्धेआधी क्लबने माझ्यासाठी बाहेरून भारी ट्रिगर मागवला. चाचांनी तो बसवला, चार वेळा कॅरियर सरकवला आणि ट्रिगर काढून ठेवला.

"मफी," इथल्या अरबीत ते 'नाही' म्हणाले. "अडकतोय."

"एवढा नावाजलेला ट्रिगर खराब कसा असेल?" मी वैतागले.

"खराब कोण बोलला, बाय?" त्यांनी तोच ट्रिगर वेगळ्या कॅरियरच्या दुसऱ्या रायफलीत बसवला. सगळं लोण्यासारखं सरकलं. "ट्रिगर चांगला, तुझा कॅरियर पण चांगला. दोघांचा जमतो का, ते बसवल्याबिगर कळत नाय."

"मग थोडं घासून द्या ना."

"घासून बसवलेला कधी दगा देईल, सांगता येत नाय."

जुन्याच ट्रिगरवर मी खेळले आणि हरले. कितीतरी दिवस त्यांच्यावर धुसफुसत होते.

गेल्या वर्षी, इथे तीस वर्षं काढल्यावर, ते कायमचे गावी निघाले. मी विचारलं, "चाचा, गावाला करमेल ना?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटले.

"गाव चांगला, मी पण वाईट नाय," ते म्हणाले. "बसवल्याबिगर कसा कळणार, बाय?"