फुलांवरचा पातळ हात

बागेतली बाकं आणि खुर्च्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला वॉर्निशमास्तर म्हणत. सुतारांकडून सामान रंगाऱ्यांकडे जायचं आणि शेवटी त्याच्याकडे. रंगावर बिनरंगी वॉर्निशचे पातळ हात द्यायचे, म्हणजे ऊन-पाणी सोसून रंग टिकतो, एवढंच त्याचं काम. ते नीट झालं की दिसतच नसे. स्वभावानंही तो तसाच होता.

बाकांच्या पाठींवर फुलं काढायला एक मुलगी होती. सगळे तिला ताई म्हणायचे. मास्तरला ताई म्हणवेना, आणि ‘अहो’ म्हणायचा हक्क नव्हता. ‘जरा ऐकता का’ यावरच त्यानं वर्षं काढली. आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता तिचं लग्न ठरलं आणि ती गाव सोडून गेली. त्यानंतर वहिनीनं लग्नाचा विषय काढला, की तो ब्रश धुवायला उठायचा.

कारखाना बंद पडल्यावर तो घराच्या अंगणातच जुनं सामान दुरुस्त करू लागला. तिथं एकदा एक शिक्षिका टेम्पोतून बाक घेऊन आली. निळ्या पाठीवर केशरी फुलं होती आणि रंगाचे पापुद्रे सुटले होते.

“काका, हे आईनं रंगवलंय. उरलंय तेवढं तरी वाचवा. तिचा उजवा हात आता चालत नाही.”

मास्तरनं फुलाची खालची पाकळी पाहिली. कारखान्यातही तिचा ब्रश तिथं नेहमी किंचित लांबायचा. त्यानं तिच्यावरून हलकेच बोट फिरवलं.

“आई... कुठं असतात?”

“माझ्याकडेच. बाबा गेल्यापासून.”

त्यानं बाक साबणाच्या पाण्यानं पुसलं, सावलीत वाळवलं, सुटे पापुद्रे काढून झिजलेल्या पॉलिशपेपरनं अगदी हलकं घासलं. तेलाच्या वॉर्निशनं पिवळी झाक येते आणि निळा रंग हिरवट दिसू लागतो, म्हणून त्यानं पाण्यातलं घेतलं. गेलेल्या पाकळ्या त्याला भरता आल्या असत्या. पण तिच्या फुलांत दुसऱ्याचा ब्रश नको, म्हणून तशाच ठेवल्या. प्रत्येक हात वाळेपर्यंत तो समोर बसून राही.

“भाऊजी, पळून जाणार आहे का ते लाकूड?” वहिनी म्हणाली.

बाक पोचवायला तो स्वतः गेला. ती दारात आली. केस पिकले होते. डावा तळवा बाकाच्या पाठीवरून फिरवत म्हणाली, “अजून तसाच पातळ हात देता.”

“ओळखलंत?”

“माझ्या फुलांना इतका वेळ दुसरं कोण लावायचं?” तिनं तळवा फुलांवरच ठेवला. “मी वाट पाहिली होती. लग्न ठरेपर्यंत.”

“धीर झाला नाही,” एवढंच तो कसंबसं म्हणाला.

“माहीत आहे.”

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. “काका, किती टिकेल हो हे?”

“सावलीत बरीच वर्षं. उन्हात ठेवलंत तर दर वर्षी एक हात द्यावा लागेल.”

“मग छपराखालीच ठेवू.”

“नको,” आई म्हणाली. “उन्हातच असू दे.”

त्यानंतर दर वर्षी पाऊस संपला, की मास्तर डबा-ब्रश घेऊन जायचा आणि वाळेपर्यंत थांबायचा. मधले महिने मात्र काही केल्या सरत नसत.