ताईताएवढा लाल डाग

मोठी लढाई चालू होती, त्या हिवाळ्यात जंगलात सागाचा ओंडका गाडीवर चढवताना घसरला आणि बाबांच्या मांडीवर पडला. हाड मोडलं. बैलगाडीत भाताच्या तणसावर निजवून त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. माझं सासर कुडव्याला, जवळच, म्हणून त्यांच्यापाशी राहायला माय आणि मी.

डॉक्टरने पाय फळ्यांत बांधला आणि दोन महिने उठायचं नाही म्हणून सांगितलं. बाकी सगळं नर्सबाईच्या हाती. ती रायपूरकडची, पन्नाशीची, बोलायची कमी. दर दोन तासांनी यायची, बाबांना थोडं कुशीवर करायची आणि धोतर सरकवून कंबर, पाठ, टाचा वाकून पाहायची. चादरीवर हात फिरवायची, सुरकुती लागली की ताणून सरळ करायची.

"मोडला पाय, आन् हे पाठ कायले पाहून राहिली?" माय मला हळूच म्हणाली.

मलाही ते खटकत होतं. तिसऱ्या दिवशी तिने बाबांच्या कमरेचा करदोडा काढायला सांगितला. चांदीचा होता, त्यात देवीचा ताईत ओवलेला.

"काऊन काढाचा?" मायने विचारलं.

"पडे पडे रुततो. चमडी सडते," नर्सबाई म्हणाली.

मायने तो सोडून पदराला बांधला. नर्सबाई रविवारी गिरजाघरात जाते हे मायला कळलं होतं. "हिले चांदी पायजे, नाही तं आपला देव काढाचा आहे," ती म्हणाली. मी तिचं म्हणणं खोडून काढलं नाही.

त्यातच बाबांना ताप चढला. ताईत उतरवल्यानेच आला, असं मायने ठरवून टाकलं. रविवारी नर्सबाई सकाळी गेली. जाताना मला बजावून गेली, "बेटी, कूस बदलत राहा." ती गेल्यावर मायने करदोडा परत बांधला आणि कोणाला दिसू नये म्हणून ताईत पाठीमागे सरकवला. बाबा हलवलं की कण्हायचे. आम्ही त्यांना दिवसभर हलवलंच नाही.

संध्याकाळी नर्सबाईची चाहूल लागताच मायने करदोडा सोडला. पण पाठीच्या खालच्या हाडावर ताईताएवढा लाल डाग उमटला होता. नर्सबाईने त्यावर बोट दाबून उचललं. डाग होता तसाच लाल राहिला.

"कूस बदलली होती?" तिने मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तिने स्वतःच बाबांना कुशीवर केलं. त्यानंतर ती सुट्टीच्या दिवशीही दोनदा येऊन जायची.

चार दिवसांत तिथली चमडी फाटली. जखम धुताना बाबा दात आवळून रडले. मायला ते बघवलं नाही. तिने पदराची गाठ सोडली आणि ताईत नर्सबाईसमोर धरला. नर्सबाईने तो जखमेशी लावून पाहिला. बरोबर बसला. मला वाटलं, आता ही आम्हाला हाकलून देणार. तिने मायचं बोट धरलं आणि बाबांच्या टाचेवर थोडी लाली होती तिथे दाबलं. चमडी पांढरी पडली, मग हळूहळू परत लाल झाली.

"असं झालं तर चमडी अजून वाचते," ती म्हणाली. "तिथे पाठीवर नाही झालं."

दुसऱ्या दिवसापासून माय स्वतः बाबांची कूस बदलू लागली. टाचांखाली लुगड्याची घडी तिनेच ठेवली. शिमग्यापर्यंत हाड जुळलं. जखम भरायला त्याहून वेळ लागला. बाबा लंगडत का होईना, चालत घरी आले.

घरीही माय रोज त्यांची पाठ पाहायची. एकदा मी म्हणाले, "तू बस, मी पाहते."

"तुयावर भरोसा नाही मले," ती म्हणाली. "तू त्या बाईसंग लबाड बोलली."

खरंच होतं ते.