इजिप्तची पॅकेजं आणि आमचे सावंत

ट्रॅव्हल कंपनीच्या काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक फिरून येतात, फोटो दाखवायला थांबतात आणि जाताना एखादा टाकून जातात. दुबईत करामातल्या त्या ऑफिसातले माझ्याकडे इतके साठलेत की विचारू नका! नव्वदीची अखेर होती. आम्ही इजिप्त विकायचो. लाल समुद्रात डायव्हिंग, मग बीच, मग लक्झरची देवळं आणि राजांची थडगी. तिकिटं मी काढायची, ग्रुप घेऊन मालवणचे सावंत जायचे. किस्से तसे विनोदीच आहेत. पण सावंत आठवले की मला हसू येत नाही, हे आधीच सांगते.

* * *

शारजाचे एक व्यापारी ब्रोशर हातात घेऊन भांडायलाच आले. "वाळू इथे, समुद्र इथे, ऊन तर काय फुकट! मग तिकडे जाऊन बघायचं काय?"

सावंत शांतपणे म्हणाले, "साहेब, तिकडची मेलेली माणसं जुनी आहेत."

गृहस्थांनी तिथल्या तिथे सगळ्या कुटुंबाचं बुकिंग केलं!

* * *

कुलकर्णी नावाचे एक इंजिनिअर बायकोच्या हट्टापायी डायव्हिंगला उतरले. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क, सगळा थाट. वर आल्यावर बायकोने विचारलं, "अहो, पोवळी कशी होती? मासे दिसले?"

"डोळे कोण उघडतंय! पाणी गेलं असतं ना!"

येताना त्यांनी माशांची पोस्टकार्डं विकत घेतली. पाहुण्यांना तीच दाखवायचे म्हणे.

* * *

आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे. सावंतांना त्यांचा टूरपुरता मिळायचा. परत आले की जमा. तिकडे त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. "एकदा तोंड दाखवून जा," असा भावाचा सारखा फोन. सावंत रजा मागायला आत गेले. मॅनेजर कैरोचा, बोलायला साखर! "हबीबी, आफ्टर सीझन. इन्शाल्ला!"

बाहेर येऊन सावंतांनी आमच्यासमोरच घरी फोन लावला आणि मोठ्याने म्हणाले, "आये, सीझन संपेपर्यंत थांब हां!"

आम्ही सगळे हसलो. सावंत रिसीव्हर ठेवून तसेच बसून राहिले.

* * *

लक्झरच्या म्युझियममध्ये ग्रुपमधली एक चिमुरडी ममीसमोरून हलेचना. "अंकल, व्हाय डिडन्ट दे सेंड हिम होम?"

दुबईत वाढलेली पोर. इथे आपल्यातलं कोणी गेलं की पेटीतून गावी पाठवतात, तेवढंच तिने पाहिलेलं! बाप म्हणाला, "अगं, हेच त्याचं होम."

सावंतांनी हा किस्सा ऑफिसात सांगितला आणि शेवटी म्हणाले, "नशीबवान. आपल्या गावात मेला."

* * *

सीझन संपत आला होता. ग्रुप लक्झरला असताना ऑफिसात सावंतांच्या भावाचा फोन आला. मग मीच हॉटेलवर फोन लावला. "सावंत, आई गेल्या हो."

त्यांनी विचारलं, "आणि बाकीचं?"

"सकाळीच उरकलं. अग्नी धाकट्या भावाने दिला."

"बरं. मॅडम, ग्रुपला सांगू नका. लोक सुट्टीवर आलेत. आता थडगी बघायला निघायचंय."

मी रिसीव्हर धरून रडले. करणार काय होते मी तरी?

ग्रुप परत आला आणि जोशीकाकू फोटो घेऊन काउंटरवर हजर! काकू म्हणजे सगळ्या ग्रुपची सासूच. हसून हसून सांगायला लागल्या.

"अगं, त्या थडग्यातून बाहेर आलो ना, मी सगळ्यांना दमच दिला. मेलेल्याच्या दारातून आलोय, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय कोणी जेवायला बसायचं नाही! पोरं ओरडतायत, 'आजी, ही डाइड थाउजंड्स ऑफ इयर्स अगो!' मी ऐकते होय? सावंतांनाही पिटाळलं. तर हा बाबा बाथरूममधून बाहेरच येईना! आमची जेवणं झाली, बस येऊन उभी राहिली, तरी आतून आपला पाण्याचा आवाज. शेवटी आला एकदाचा, डोळे हे लाल! मी म्हटलं, 'काय हो सावंत, तो राजा तुमच्या नात्यातला होता की काय?' तर म्हणतो, 'हो काकू, जवळच्या नात्यातलं होतं.' सगळी बस हसतेय! बाई गं, कसला विनोदी माणूस ठेवलायत तुम्ही!"